दाताची कॅप: धातू, चिनी माती की झिर्कोनिया?

रूट कॅनालचे उपचार पूर्ण झाले, की बहुतेक रुग्णांसमोर नवा प्रश्न उभा राहतो. दंतवैद्य दातावर कॅप बसविण्याचा सल्ला देतात आणि चार-पाच प्रकारांची यादी ऐकवतात: साधा धातू, धातूवर सिरॅमिक, लिथियम डायसिलिकेट, झिर्कोनिया. यादी बहुधा चढत्या किमतीच्या क्रमाने असते. त्यामुळे ती गुणवत्तेच्याही क्रमाने असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे आणि परवडेल तितकी वरची पायरी गाठण्याकडे रुग्णांचा कल असतो.

प्रत्यक्षात या साहित्यांचे गुणदोष परस्परांहून अगदी भिन्न आहेत. समोरच्या दातासाठी उत्तम ठरणारे साहित्य त्याच तोंडातील अक्कलदाढेशेजारच्या दाढेसाठी अयोग्य ठरू शकते. शिवाय या निवडीची एक किंमत अशी आहे, जी दरपत्रकात लिहिलेली नसते. कॅप बसावी म्हणून मूळ दात चहूबाजूंनी तासावा लागतो आणि तो किती तासायचा, हे बऱ्याच अंशी साहित्यावर अवलंबून असते. दातावरील कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येण्याच्या सुमारासच नष्ट झालेल्या असतात. मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते; तासलेले एनॅमल मात्र पुन्हा येत नाही.

किती दात तासावा लागतो?

संपूर्ण धातूची कॅप सर्वांत पातळ असू शकते. चावण्याच्या पृष्ठभागावर एक ते दीड मिलिमीटर आणि बाजूंना अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक तासले, की तिचे काम भागते. धातू वाकतो, पण सहसा तडकत नाही, हे त्याचे कारण. धातूवर सिरॅमिकचा थर दिलेल्या कॅपसाठी दर्शनी बाजूने सव्वा ते दीड मिलिमीटर आणि वरून दीड ते दोन मिलिमीटर जागा करावी लागते. येथे एकावर एक तीन थर असतात: आत धातू, त्याचा काळसरपणा झाकणारा अपारदर्शक लेप आणि त्यावर दाताच्या रंगाची चिनी माती. जागा अपुरी पडली, तर दात जाड, फुगीर किंवा खडूसारखा पांढरा दिसतो. लिथियम डायसिलिकेटसाठी साधारणतः एक ते दीड मिलिमीटर, तर एकसंध झिर्कोनियासाठी दाढेच्या वरच्या बाजूने एक मिलिमीटरच्या आसपास जागा पुरते.

हे आकडे किरकोळ वाटतील. परंतु समोरच्या दातावरील एनॅमलची जाडी सुमारे एक मिलिमीटर असते आणि हिरडीकडे ती कमी होत जाते. दीड मिलिमीटर तासणे म्हणजे तेथील एनॅमल पूर्णपणे काढून त्याखालील मऊ, सजीव थरापर्यंत पोहोचणे होय. दाताची नस जिवंत असेल, तर या तासण्याने ती दुखावण्याचा धोका असतो आणि अशा काही दातांना पुढे रूट कॅनालची गरज भासते. म्हणूनच केवळ रंग किंवा ठेवण सुधारण्यासाठी निरोगी दातावर कॅप बसविण्याचा विचार असेल, तर दातांचे शुभ्रीकरण, समोरून लावायचा पातळ व्हेनिअर किंवा दात सरळ करण्याचे उपचार हे पर्याय आधी तपासलेले बरे.

रूट कॅनाल झाले म्हणजे कॅप बसवलीच पाहिजे, हेही सरसकट खरे नाही. दाढांच्या बाबतीत ते बहुतांशी खरे आहे, कारण पोकळ झालेली दाढ चावण्याच्या दाबाने उभी चिरते आणि चिरलेली दाढ बहुधा काढावीच लागते. समोरच्या दाताच्या मागील बाजूस केवळ लहानसे छिद्र पाडले असेल आणि बाकीचा दात शाबूत असेल, तर तेथे साधे भरणही पुरते. दाढेचा बराच भाग टिकून असल्यास केवळ वरचा पृष्ठभाग झाकणारी अर्धी कॅप, म्हणजे ऑनले, बसविता येते. उलट दात इतका किडलेला असेल, की हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर उंचीची निरोगी कडाही उरलेली नाही, तर कितीही महाग कॅप त्यावर फार काळ टिकत नाही. दोष मग साहित्याला दिला जातो. खरी उणीव पायात असते.

धातू: जुना, कुरूप आणि भरवशाचा

आधुनिक दंतवैद्यकात धातूच्या ओतीव कामाचा प्रसार १९०७ मध्ये सुरू झाला. शिकागोचे दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी मेणाचा नमुना साच्यात बंद करून, मेण जाळून आणि त्या पोकळीत वितळलेले सोने दाबाने ओतून दातात बसणारा अचूक तुकडा बनविण्याची पद्धत मांडली. पद्धतीचे तत्त्व मात्र भारतीय वाचकांना अपरिचित नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मेणाच्या साच्यातून धातूच्या मूर्ती ओतण्याची कृती वर्णिलेली आहे. मेणाच्या वजनाच्या किती पट धातू घ्यावा, याचे प्रमाणही तेथे दिलेले आहे. मूर्तीच्या कानातील कुंडलापर्यंत बारकावा उतरविणारे हे तंत्र दाढेच्या खाचाखोचा उतरविण्यासही तितकेच उपयोगी पडले.

सोन्याची मिश्रधातू आजही अनेक दंतवैद्य दाढेसाठी आदर्श मानतात. ती गंजत नाही, कडेला अतिशय नेमकी बसते आणि समोरच्या दाताला झिजवत नाही. तिच्या प्रसाराला खीळ बसली ती बाजारभावामुळे. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले. त्यापूर्वी औंसाला ३५ डॉलर या अधिकृत भावाने बांधलेले सोने जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलरवर पोहोचले. दंत प्रयोगशाळांनी मग निकेल-क्रोमियम आणि कोबाल्ट-क्रोमियम या स्वस्त मिश्रधातूंकडे मोर्चा वळवला. आज भारतात ‘मेटल कॅप’ म्हणून जी चंदेरी कॅप बसविली जाते, ती बहुधा याच कुळातील असते.

निकेलबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. नकली दागिन्यांनी कानाच्या पाळ्यांना खाज सुटते, घड्याळाच्या पट्ट्याने किंवा जीन्सच्या बटणाने त्वचा लाल होते, असा अनुभव असलेल्या व्यक्तीला निकेलची ॲलर्जी असण्याची शक्यता असते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आढळते. तोंडातील त्वचा बाहेरच्या त्वचेपेक्षा अशा धातूंना कमी प्रतिसाद देते. तरीही असा पूर्वानुभव दंतवैद्याला आधीच सांगितल्यास निकेलविरहित पर्याय निवडता येतो. काही निकेल मिश्रधातूंत ओतकाम सुलभ व्हावे म्हणून बेरिलियम मिसळले जात असे. त्याचा धोका रुग्णापेक्षा प्रयोगशाळेत धातू घासणाऱ्या तंत्रज्ञाला अधिक असतो, कारण त्याची धूळ फुफ्फुसांत गेल्यास गंभीर आजार होतो. बेरिलियममुक्त मिश्रधातू आज सहज उपलब्ध असल्याने तशी विचारणा करण्यात काहीच गैर नाही.

अगदी मागच्या दाढेसाठी, जी हसताना कोणालाही दिसत नाही, धातूची कॅप नाकारण्यासारखे कारण क्वचितच असते. ज्यांना सुपारी फोडण्याची सवय आहे किंवा जे झोपेत करकरा दात खातात, अशांच्या बाबतीत तर ती अनेक महागड्या पर्यायांपेक्षा सरस ठरते. तरीही रुग्ण ती स्वीकारण्यास नाखूश असतात. स्वस्त वस्तू हलकीच असणार, ही समजूत दवाखान्यातही पाठ सोडत नाही.

धातूवर चिनी मातीचा मुलामा

दाताच्या रंगाची कॅप असावी, ही इच्छाही जुनीच. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातील दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सेलीन भाजून कॅप बनविण्याचे तंत्र विकसित केले. १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक महासागर न थांबता ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग हे त्यांचे नातू. लँड यांच्या कॅपा दिसायला सुरेख, पण ठिसूळ होत्या. चहाची बशी हातातून निसटली की काय होते, हे ठाऊक असलेल्यांना त्याचे नवल वाटणार नाही.

त्यावर उपाय म्हणजे आत धातूचा आधार देणे. पण धातू आणि चिनी माती भट्टीतून निघून थंड होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात आणि त्या ताणाने मातीचा थर तडकतो. पोर्सेलीनमध्ये ल्यूसाइट या खनिजाचे स्फटिक योग्य प्रमाणात ठेवून तिचे प्रसरण धातूशी जुळविता येते, असे संशोधकांनी दाखवून दिले आणि १९६२ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले गेले. पुढील चार दशके जगभर हीच कॅप प्रमाण मानली गेली. दवाखान्यांत ती ‘पीएफएम’ किंवा नुसती ‘सिरॅमिक कॅप’ म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या नावाने घोटाळा होतो; सिरॅमिक म्हटल्यावर आत धातू असेल, हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही.

या कॅपचे दोन दोष सर्वपरिचित आहेत. वयानुसार हिरडी थोडी खाली सरकली, की दाताच्या मुळाशी करडी-काळी रेषा दिसू लागते. दुसरे म्हणजे वरच्या मातीचा टवका उडू शकतो. टवका उडालेली कॅप चावण्याच्या कामास बऱ्याचदा चालते, पण तिची धारदार कड जिभेला आणि गालाला बोचत राहते. असे असले, तरी साठ वर्षांचा अनुभव पाठीशी असलेले हे साहित्य आहे. दोन-तीन दात नसताना बसवायच्या लांब ब्रिजसाठी अनेक दंतवैद्य आजही त्यालाच पसंती देतात.

काचेतून घडलेला दात

१९५३ मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड स्टूकी काचेचा एक तुकडा भट्टीत तापवत होते. भट्टी बिघडली आणि ६०० अंशांऐवजी तापमान ९०० अंश सेल्सियसपर्यंत चढले. काच वितळून वाहिली असेल, या अपेक्षेने त्यांनी दार उघडले, तर आत अखंड, दुधासारखा पांढरा तुकडा होता. तो बाहेर काढताना चिमट्यातून निसटला, जमिनीवर पडला आणि फुटला नाही. त्या काचेत लिथियम होते आणि अति उष्णतेने तिच्यात सूक्ष्म स्फटिक वाढले होते. काच-सिरॅमिक या पदार्थवर्गाचा उगम तेथून मानला जातो.

दातांसाठीचे लिथियम डायसिलिकेट याच घराण्यातील आहे. त्यातील लांबट, एकमेकांत गुंतलेले स्फटिक भेग पुढे सरकू देत नाहीत. वाकविताना ते किती ताण सोसते, याचे माप सुमारे ४०० मेगापास्कल आहे. जुन्या पोर्सेलीनच्या ते चौपट भरते. प्रकाश त्यातून नैसर्गिक दातासारखाच थोडा आत शिरतो व परावर्तित होतो. त्यामुळे समोरच्या दातांसाठी आणि उपदाढांसाठी ते विशेष शोभते.

त्याचे खरे बळ मात्र चिकटण्यात आहे. त्यातील काचेचा अंश विशिष्ट आम्लाने किंचित कोरता येतो. अशा खरबरीत पृष्ठभागावर रेझिन सिमेंट दाताशी इतके घट्ट बसते, की कॅप आणि दात एकजीव होऊन काम करतात. त्यामुळे दात कमी तासूनही चालतो. अट एवढीच, की चिकटविताना दात कोरडा राहिला पाहिजे आणि शक्यतो कडेला एनॅमल शिल्लक असले पाहिजे. कीड हिरडीखाली खोल गेली असेल, तेथे रक्त आणि लाळ आवरणे कठीण जाते. मग या साहित्याचा मुख्य लाभच हातचा जातो. आतला दात काळा पडला असेल किंवा त्यात धातूची खुंटी असेल, तर तो रंग बाहेर झिरपतो. दाढांच्या लांब ब्रिजसाठी हे साहित्य वापरले जात नाही.

झिर्कोनिया: एक नाव, अनेक पदार्थ

गेल्या दोन दशकांत सर्वाधिक बोलबाला झाला तो झिर्कोनियाचा. झिर्कोनियम या धातूचे हे ऑक्साइड. बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लापरोथ यांनी १७८९ मध्ये श्रीलंकेतून आलेल्या झिर्कॉन खड्यांचे पृथक्करण करताना या मूलद्रव्याचा शोध लावला. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत झिर्कॉन सापडतो. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात अणुभट्ट्यांसाठी ज्या नळ्या तयार होतात, त्याही झिर्कोनियमच्याच मिश्रधातूच्या.

तथापि या पदार्थाची सर्वांत घरगुती ओळख ‘अमेरिकन डायमंड’ ही आहे. मंगळसूत्रात आणि कुड्यांत चमकणारा तो खडा म्हणजे घनाकृती स्फटिकांतील झिर्कोनियाच होय. मोठ्या प्रमाणावर तो बनविण्याचे तंत्र १९७०च्या दशकात मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेत विकसित झाले. रशियात त्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘फियानिट’ म्हणतात. अमेरिकेशी नाते जोडणारे भारतीय बाजारातील नाव कोठून आले असेल ते असो. दाताची कॅप निवडताना या खड्याची आठवण ठेवणे फार उपयोगाचे आहे.

झिर्कोनियाचे स्फटिक तापमानानुसार तीन रूपे घेतात. अति उष्णतेतील रूपे साध्या तापमानाला टिकवून धरायची, तर त्यात यिट्रियम ऑक्साइड मिसळावे लागते. सुमारे तीन टक्के यिट्रिया मिसळला, की मधले रूप टिकते, पण काहीसे अवघडून. अशा झिर्कोनियात भेग पडू लागली, की तिच्या टोकाशी असलेले स्फटिक तत्क्षणी रूप बदलतात व तीन ते पाच टक्क्यांनी फुगतात. त्या फुगण्याने भेग दाबली जाते. तीन शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या गुणाचे वर्णन करताना पदार्थाची तुलना पोलादाशी केली होती. अशा झिर्कोनियाचे बळ ९०० ते १२०० मेगापास्कल भरते. सिरॅमिकमध्ये याहून चिवट पदार्थ दंतवैद्यकाला मिळालेला नाही. पण तो पांढराफटक आणि अपारदर्शक दिसतो.

तो अधिक नैसर्गिक दिसावा, म्हणून उत्पादकांनी यिट्रियाचे प्रमाण चार आणि मग पाच टक्क्यांपर्यंत नेले. त्याने घनाकृती स्फटिक वाढतात, म्हणजेच पदार्थ अमेरिकन डायमंडच्या दिशेने सरकतो. पारदर्शकता वाढते आणि भेग दाबणारा गुण जवळपास नाहीसा होतो. पाच टक्क्यांच्या झिर्कोनियाचे बळ ५०० ते ७०० मेगापास्कलच्या घरात येते. समोरच्या दाताला ते पुरेसे आहे. परंतु ‘झिर्कोनिया अतूट असते’ हे ऐकून कोणी हा पारदर्शक प्रकार शेवटच्या दाढेवर किंवा लांब ब्रिजसाठी घेतला, तर ज्या गुणासाठी पैसे मोजले, तोच त्यात नसतो. दोन्हींच्या कार्डावर शब्द एकच छापलेला असतो. त्यामुळे झिर्कोनिया हवे असे सांगून थांबणे पुरेसे नाही; कोणत्या श्रेणीचे, हे विचारले पाहिजे.

भाजण्याच्या प्रक्रियेलाही महत्त्व आहे. झिर्कोनियाची कॅप खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून यंत्राने मूळ मापापेक्षा मोठी कोरतात. नंतर सुमारे १५०० अंश तापमानात ती भाजली जाते आणि २० ते २५ टक्के आक्रसून अचूक मापावर येते. या टप्प्यातील घाई महागात पडते. शस्त्रक्रियेने बसविल्या जाणाऱ्या कृत्रिम खुब्याच्या झिर्कोनियाच्या गोळ्यांबाबत हे जगाने पाहिले आहे. एका उत्पादकाने १९९८ मध्ये भट्टीची पद्धत बदलल्यानंतर बनलेले गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले आणि २००१ मध्ये ते परत मागवावे लागले. पदार्थ तोच होता, भट्टी बदलली होती. म्हणूनच कॅप कोणत्या प्रयोगशाळेत बनली, हा प्रश्न ठोकळा कोणत्या कंपनीचा, या प्रश्नाइतकाच मोलाचा आहे.

झिर्कोनिया फार कठीण असल्याने समोरचा नैसर्गिक दात झिजतो, अशी भीती घातली जाते. चाचण्यांतून दिसून आलेली गोष्ट थोडी वेगळी आहे. आरशासारखी गुळगुळीत केलेली झिर्कोनिया समोरच्या एनॅमलला पोर्सेलीनपेक्षा कमी झिजवते. बसविल्यानंतर ‘थोडी उंच लागते’ म्हणून ती घासली आणि पुन्हा चकचकीत केली नाही, तर मात्र ती कानशीसारखे काम करते. घासल्यानंतरचे ते पाच मिनिटांचे पॉलिश रुग्णाने आग्रहाने मागून घ्यावे, इतके महत्त्वाचे आहे.

‘डेंटल मटेरिअल्स’ या नियतकालिकात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात पाच वर्षांनंतर किती कॅपा टिकून होत्या, याची तुलना करण्यात आली होती. धातूवरील सिरॅमिकचे प्रमाण ९४.७ टक्के, लिथियम डायसिलिकेट व ल्यूसाइटयुक्त काच-सिरॅमिकचे ९६.६ टक्के, तर झिर्कोनियाचे ९२.१ टक्के आढळले. सर्वांत बळकट पदार्थ मागे कसा पडला? त्या अभ्यासांतील झिर्कोनिया प्रामुख्याने जुन्या पद्धतीची, वरून पोर्सेलीनचा थर दिलेली होती. तो थर टवके होऊन उडत असे आणि कॅप सुटण्याचे प्रमाणही अधिक होते. आजच्या एकसंध झिर्कोनियाला पहिला आक्षेप लागू होत नाही. दुसरा काही प्रमाणात लागू होतो, कारण तिच्यात काच नसल्याने आम्लाने ती कोरता येत नाही. दात आखूड असेल, तर तिच्या पकडीसाठी विशेष प्रायमर आणि काळजीपूर्वक केलेली स्वच्छता आवश्यक ठरते.

आणखी एक व्यावहारिक बाब. कॅपखालील दात पुढे दुखू लागला, तर झिर्कोनिया कापून काढणे वेळखाऊ आणि कटकटीचे काम असते. नस जिवंत ठेवून, पण शंकास्पद स्थितीत असलेल्या दातावर कॅप बसवायची असेल, तेव्हा ही शक्यता आधीच बोलून घ्यावी.

मुलांच्या दाढांसाठी

दुधाच्या दाढांची निवड तुलनेने सोपी आहे. कारखान्यात विविध मापांत तयार होणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या कॅपा १९५०पासून वापरात आहेत. दाढ पडेपर्यंतची काही वर्षे काढायची असल्याने त्या उत्तम ठरतात. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांनी तर भूल न देता, कीड न कोरता अशी कॅप दाबून बसविण्याचा प्रघात पाडला. आत कोंडलेल्या जंतूंना अन्न मिळत नाही आणि कीड थांबते, हे नंतर डंडी विद्यापीठातील संशोधकांच्या चाचण्यांतून सिद्ध झाले. दातात फोड किंवा सतत वेदना असल्यास मात्र ही पद्धत चालत नाही. मुलाच्या तोंडात चंदेरी दाढ चमकते म्हणून पालक नाराज होतात. मुले बहुधा होत नाहीत.

दवाखान्यात विचारायचे ते

सर्वप्रथम, ठरलेल्या साहित्यासाठी या दाताचा किती भाग तासावा लागेल आणि त्याहून कमी तासण्याचा पर्याय आहे का, हे विचारावे. समोरच्या जबड्यातील त्या जागचा दात नैसर्गिक आहे की तिथेही कॅप आहे, यावर निवड बदलते. झोपेत दात खाण्याची सवय, सुपारी, तंबाखू, ऊस सोलून खाणे, सारे न संकोचता सांगावे. समोरच्या दाताची छटा दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी जुळवून घ्यावी; दवाखान्याच्या दिव्याखाली पसंत पडलेला रंग रस्त्यावर वेगळा दिसतो. कायमची चिकटविण्यापूर्वी कॅप एकदा आरशात पाहावी व कडेला दोरा अडकतो का, ते तपासून घ्यावे.

पाच, दहा, पंधरा वर्षांच्या हमीचे कार्ड अनेक ठिकाणी दिले जाते. ते जपून ठेवावे, कारण त्यावर उत्पादनाचे नाव आणि क्रमांक असतो. भारतात १ एप्रिल २०२०पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली असून वापरलेल्या साहित्याची नोंद मागण्यात रुग्णाने संकोच करू नये. मात्र ती हमी कॅपची असते, आतील दाताची नव्हे. कॅपा निकामी होण्याचे एक प्रमुख कारण साहित्य तुटणे हे नसून कडेशी नव्याने लागलेली कीड हे आहे आणि ती हमीत बसत नाही.

खर्चाचा प्रश्न असलेल्यांसाठी शासकीय दंत महाविद्यालये हा चांगला मार्ग आहे. मुंबई, नागपूर, इंदूर, अहमदाबाद, हैदराबाद, बंगळुरू अशा शहरांत ती आहेत. तेथील कृत्रिम दंतरोपण विभागात पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कॅपा बसवितात. फेऱ्या अधिक माराव्या लागतात, पण तासलेला प्रत्येक दात वरिष्ठांच्या नजरेखालून जातो.

कॅप बसल्यानंतर हिरडी आणि कॅप यांच्या सांध्यावर मऊ ब्रश व दिवसातून एकदा दोरा फिरविणे पुरते. काच-सिरॅमिक किंवा पोर्सेलीनची कॅप असलेल्यांनी फ्लोराइडचा लेप लावून घेताना तसे सांगावे, म्हणजे आम्लयुक्त जेलऐवजी उदासीन जेल वापरले जाते. आम्लाने कॅपची चकाकी जाते. दात खाण्याची सवय असेल, तर रात्री दातांवर घालायचा प्लॅस्टिकचा संरक्षक पट्टा त्याच भेटीत बनवून घ्यावा, कारण त्यासाठी लागणारे माप तेव्हा घेणे सोपे असते.